एकच एनरॉफ फाइल, तीन छपाई यंत्रे: टेलिटाइप ३३, डायब्लो ६३० आणि ९ पिनी डॉट मॅट्रिक्स

ओळ_सहासष्ट
एनरॉफ या युनिक्सवरील मजकूर-मांडणीच्या प्रोग्रॅमसाठी, एमएस मॅक्रोत (त्याच्या तयार आज्ञासंचात) लिहिलेला साधारण ४० पानांचा तांत्रिक मजकूर आहे. त्यात टीबीएलची (कोष्टके आखणारा जोड-प्रोग्रॅम) तीन कोष्टके, थोडी घातांक-पादांकांची सूत्रे आणि बरेच अधोरेखित शब्द. हाच मजकूर टेलिटाइप मॉडेल ३३ (रोलचा कागद), डायब्लो ६३० (डेझी व्हील, म्हणजे पाकळ्यांवर अक्षरे असलेले चाक) आणि एक साधा ९ पिनी डॉट मॅट्रिक्स (आपल्याकडचा छिद्रांचा जोडकागद) अशा तीन यंत्रांवर हवा आहे. मूळ फाइल एकच ठेवायची आहे. प्रत्येक यंत्रासाठी नक्की काय बदलायचे, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. ‘.पीएल’ म्हणजे बिंदू आणि पुढे ती दोन रोमन अक्षरे. प्रतिसादांतही तसेच ठेवूया.)

पाकळी१२०
फाइल उघडण्याआधी प्रत्येक यंत्राला चार प्रश्न विचारा. डोके एक घर मागे येते का? कागद मागे फिरतो का? अर्धी ओळ सरकता येते का? आणि सर्वांत लहान पाऊल केवढे?

तेहतीसचे उत्तर तीनदा ‘नाही’. पाऊल आडवे १/१० इंच, उभे १/६ इंच, संपले. डायब्लोचे तीनदा ‘हो’, पाऊल आडवे १/१२० आणि उभे १/४८ इंच. डॉट मॅट्रिक्स मधला: डोके मागे येते, कागद मागे नेण्यावर भरवसा ठेवू नये, आणि घातांक-पादांकांसाठी त्याच्या स्वतःच्या आज्ञा आहेत.

एनरॉफ आतमध्ये इंचाचे २४० भाग धरतो, तो आकडा उगाच आलेला नाही. १२० आणि ४८ यांचा लसावि २४०. म्हणजे डेझी व्हीलचे आडवे पाऊल बरोबर २ एकके आणि उभे पाऊल ५ एकके. १० पिचचे (इंचाला १० अक्षरे) अक्षर २४ एकके, ओळ ४० एकके, अर्धी ओळ २०. कुठेच अपूर्णांक उरत नाही. छपाईच्या वेळी काही सरकलेले दिसले तर आधी बघा की तुम्ही मागितलेले अंतर यंत्राच्या पावलात बसते का. तेहतीसला ३० एककांची उडी मागितली तर ती २४ वर किंवा ४८ वर जाऊन बसणार.

मूळ फाइलमध्ये म्हणून मापे इंचात (आय) किंवा ओळींत (व्ही) द्या. एन-मध्ये (अक्षराच्या रुंदीत) दिलेली मापे पिच बदलली की बदलतात. ‘.एलएल ६.५आय’ १० पिचला ६५ स्तंभ, १२ पिचला ७८.

कॅरेजपरत
तेहतीसबद्दल सविस्तर, कारण सगळ्यात जास्त कागद तिथेच वाया जातो.

वेग ११० बॉड. दर अक्षराला ११ बिट (१ सुरुवातीचा, ८ मजकुराचे, २ थांब्याचे), म्हणजे सेकंदाला १० अक्षरे. ६० अक्षरांच्या ६० ओळी, प्रत्येक ओळीअखेर दोन नियंत्रण-अक्षरे: एका पानाला सव्वासहा मिनिटांच्या आसपास. ४० पानांना चार तासांहून जास्त. त्यामुळे चूक पडद्यावर पकडा, कागदावर नको.

रुंदी ७२ स्तंभ. एनरॉफची न सांगितलेली ओळ ६.५ इंच म्हणजे ६५ स्तंभ, ती बसते. पण सवयीने ‘.पीओ १आय’ दिलात की डावा समास १० धरून ७५. स्वयंचलित परत-फेरा जोडलेला नसेल तर उरलेली अक्षरे शेवटच्याच घरात एकमेकांवर आपटतात आणि उजव्या कडेला काळा डाग दिसतो. लोक रिबीन बदलत बसतात, दोष समासाचा असतो. ‘.एलएल ६आय’ आणि ‘.पीओ ०.६आय’ ठेवा, एकूण ६६. एमएस वापरत असाल तर थेट विनंत्या नको. एलएल आणि पीओ या नोंदींत (एनआर आज्ञेने भरायच्या आकड्यांच्या जागा) किमती भरा, नाहीतर पुढच्या परिच्छेदाला मॅक्रो ओळीची लांबी परत बदलतो.

ओळीचा शेवट नेहमी आधी सीआर (डोके डाव्या कडेला), मग एलएफ (कागद एक ओळ पुढे). कॅरेज ७२व्या घरातून स्प्रिंगने मागे येते आणि हवेच्या उशीवर थांबते. त्याला एका अक्षराच्या वेळेपेक्षा, म्हणजे ०.१ सेकंदापेक्षा, जास्त वेळ लागतो. एलएफ मध्ये असला की तो वेळ फुकटात मिळतो. उलट क्रमाने पाठवलेत तर पुढच्या ओळीचे पहिले अक्षर कॅरेज वाटेत असतानाच, कागदाच्या मध्यात कुठेतरी उमटते. यंत्र जुने असेल तर एलएफनंतर एक-दोन शून्य-अक्षरे (काही न छापणारी) घाला. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘एसटीटीवाय टीटीवाय३३’ (एसटीटीवाय म्हणजे टर्मिनलची जुळणी ठरवणारी आज्ञा) म्हटले की अशी जुळणी होते. लिनक्समध्ये सीआर आणि एलएफच्या विलंबाचे पर्याय स्वीकारले जातात, पण ड्रायव्हर प्रत्यक्षात काही थांबत नाही. तिथे शून्य-अक्षरे ऑक या मजकूर-चाळणीच्या आज्ञेकडूनच घालून घ्या.

आणखी एक अडचण तारेतच आहे. एफटीडीआयची एफटी२३२आर चिप १८३ बॉडच्या खाली उतरत नाही, त्यामुळे त्या यूएसबी वायरवर ११० मिळतच नाही. जुन्या मदरबोर्डचे सीरियल पोर्ट (१६५५० जातीचे) वापरा किंवा मध्ये एखादा मायक्रोकंट्रोलर ठेवा. शिवाय तेहतीसला २० मिलिअँपिअरचा करंट लूप लागतो, आरएस-२३२ थेट जोडू नका.

ओळ_सहासष्ट
धन्यवाद, समासाचा प्रकार हुबेहूब तसाच होता. आता नवीन गंमत. कोष्टकांच्या पानावर मध्येच ७, ८, ९ असे फुकटचे आकडे छापले जातात आणि कोष्टकाचे उभे रकाने एकाखाली एक यायचे ते पायऱ्यांसारखे घसरतात. दुसऱ्या एका चाचणीत शब्दांच्या आधी ‘[१एम’ आणि नंतर ‘[०एम’ यासारखे काहीतरी आले.

कॅरेजपरत
दोन वेगळे दोष आहेत, दोन्ही एका नजरेत ओळखू येतात.

७-८-९: एनरॉफला यंत्र सांगितले नाही की तो टेलिटाइप मॉडेल ३७ गृहीत धरतो. सदतीसला एस्केप ७ (एस्केप हे नियंत्रण-अक्षर, मग ७) म्हणजे एक ओळ मागे, एस्केप ८ अर्धी ओळ मागे, एस्केप ९ अर्धी ओळ पुढे. तेहतीस एस्केप गिळतो आणि आकडा इमानदारीने छापतो. टीबीएल उभ्या रेघा काढायला कागद मागे नेतो, म्हणून कोष्टकाच्या पानावरच हे दिसते. दोन रकान्यांच्या पानावरही दिसेल, कारण तिथे पहिला रकाना पूर्ण छापून कागद वरपर्यंत परत जातो. उपाय: शेवटी ‘कोल’ ही चाळणी लावा.

टीबीएल फाइल | एनरॉफ -एमएस -टीटीएन३०० | कोल -एक्स

टीएन३०० म्हणजे जीईचे टर्मिनेट ३००, पण ‘अर्धी ओळ न जमणारे कुठलेही यंत्र’ असाच त्याचा अर्थ घ्या. कोल सगळे उलटे सरकणे मनातल्या मनात करून सरळ वरून खाली वाचता येईल असा मजकूर देतो. -एक्स मुळे तो रिकाम्या जागांचे टॅब करत नाही. तेहतीसवर टॅबच्या भानगडीत पडूच नका. मर्यादा: जुना कोल १२८ ओळींपेक्षा मागे जाऊ शकत नाही. पान ६६ ओळींचे असल्याने व्यवहारात ती आड येत नाही.

सूत्रांचे मात्र नुकसान होते. -एफ नसलेला कोल दोन ओळींच्या मधले अक्षर खालच्या पूर्ण ओळीवर ढकलतो. एक्सचा वर्ग ‘एक्स२’ होतो, पादांक खालच्या ओळीत जाऊन तिथल्या मजकुरावर बसू शकतो. सूत्रांच्या ओळीखाली ‘.एसपी’ने एक मोकळी ओळ ठेवा. ज्या सूत्रांत घातांक आणि आकडा यांत घोटाळा होईल ती तेहतीससाठी ‘.आयएफ’ खाली शब्दांत लिहा.

‘[१एम’: हे आजच्या जीरॉफचे (एनरॉफच्या नव्या अवताराचे) काम. त्याचा ग्रॉटी नावाचा भाग ठळक आणि अधोरेखनासाठी पडद्याचे रंग-संकेत पाठवतो. -पी-सी (पहिला मोठा पी, मग लहान सी) दिले की तो जुन्या पद्धतीने, मागे येऊन वर ठोकण्याच्या पद्धतीने, लिहितो.

रिबीनदुमडी
पण तेहतीसला मागे येणेही जमत नाही ना? मग -पी-सी चा काय उपयोग?

कॅरेजपरत
बरोबर पकडलेत. त्यापुढे एक छोटी चाळणी लागते. ती प्रत्येक ओळीचे दोन थर करते: मूळ अक्षरांचा एक, वरून ठोकायच्या अक्षरांचा दुसरा. पहिला थर, मग नुसता सीआर, मग दुसरा थर, मग सीआर-एलएफ. ठळक अक्षर असे छान जमते. खर्च लक्षात ठेवा: ५०व्या घरातला एक शब्द ठळक करायला आधी ५० रिकाम्या जागा पाठवाव्या लागतात, म्हणजे ५ सेकंद जास्त.

अधोरेखनाचा नाद सोडा. १९६३च्या अस्कीप्रमाणे बनलेल्या तेहतीसवर अधोरेषेच्या जागी डावा बाण असतो आणि टोपीच्या जागी वर जाणारा बाण. ‘रेषेखाली’ शब्द बाणांनी खोडल्यासारखा दिसतो. कोलसीआरटी नावाची चाळणी दोन ओळींच्या मध्ये संयोगचिन्हांची ओळ घालून अधोरेखन दाखवते, पण त्याने ओळी वाढतात आणि पानाचे ६६चे गणित कोसळते. रोलच्या कागदावर चालून जाईल, तुकड्यांच्या कागदावर नाही. माझे मत: शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका.

आणि तेहतीसला लहान लिपी नाही. लिनक्सवर ‘एसटीटीवाय ओएलसीयूसी’ने सगळे मोठ्या लिपीत जाते. मजकुरात संगणकाच्या आज्ञा असतील आणि लहान-मोठ्याचा फरक महत्त्वाचा असेल, तर तेहतीसवर ते छापूच नये.

पाकळी१२०
आता डायब्लो. इथे उलटे आहे: यंत्र सगळे करते, मध्ये बसलेली सॉफ्टवेअर बिघडवतात.

पहिला निर्णय: आजचा जीरॉफ इथे पुरत नाही. त्याच्या टर्मिनलांच्या तक्त्यात आडवे पाऊल २४ आणि उभे ४० एककांचे बांधलेले आहे, म्हणजे पूर्ण अक्षर आणि पूर्ण ओळ. डायब्लोची बारीक पावले तो मागतच नाही. सिमएच या अनुकरण-यंत्रणेवर पीडीपी-११ आणि त्यावर युनिक्सची सातवी आवृत्ती चालवा. तिथला एनरॉफ -टी४५० हायटर्म जातीच्या यंत्रांसाठीच आहे. १२ पिचचे चाक असेल तर ४५०-१२. चाक १२ पिचचे आणि तक्ता १० पिचचा, असे झाले की अक्षरे विरळ, दात पडल्यासारखी दिसतात.

-ई हा पर्याय इथेच सार्थकी लागतो. दोन्ही कडा जुळवताना उरलेली जागा तो शब्दांमध्ये १/१२० इंचाच्या पावलांनी सारखी वाटतो. -ई वापरलात तर पुढे कोल लावू नका. कोलला एस्केप ७, ८, ९ आणि मोजकी नियंत्रण-अक्षरे सोडून बाकी काही कळत नाही, ती तो फेकून देतो. सगळी बारीक पावले तिथेच जातात. डायब्लो कागद मागे नेऊ शकतो, त्याला कोलची गरजही नाही.

तयार फाइल सिमएचच्या कन्सोल-लॉगमधून उचलू नका, तिथे टर्मिनलचा ड्रायव्हर मध्ये हात घालतो. टार या आज्ञेने फितीच्या प्रतिमेत घालून बाहेर काढा.

मग खरा सापळा. डायब्लोला आडवे पाऊल सांगायला एस्केप, यूएस (हेही नियंत्रण-अक्षर) आणि एक अक्षर पाठवतात. त्या अक्षराचा क्रमांक पावलापेक्षा एकने जास्त. १० पिच म्हणजे १२ पावले, म्हणून अक्षर क्रमांक १३. आणि १३ म्हणजे सीआर! उभे पाऊल एस्केप, आरएस आणि अक्षर: ६ ओळी इंचाला म्हणजे ८ पावले, म्हणून अक्षर क्रमांक ९, म्हणजे टॅब! मधला ड्रायव्हर टॅबच्या रिकाम्या जागा करत असेल, तर यंत्राला पाऊल म्हणून रिकाम्या जागेचा क्रमांक ३२ मिळतो, म्हणजे ३१/४८ इंच, आणि ओळी हातभर लांब पडू लागतात. म्हणून ‘एसटीटीवाय -ओपोस्ट’ करून ड्रायव्हरची लुडबुड पूर्ण बंद करा.

ती बंद केलीत की एलएफच्या आधी सीआर घालणारेही कोणी उरत नाही, आणि मजकूर जिन्यासारखा उतरतो. सीआर तुमच्या चाळणीनेच घालायचा. यंत्रातले सीआरबरोबर आपोआप एलएफ देणारे बटण बंद ठेवा, नाहीतर सगळे दुप्पट अंतरावर.

रिबीनदुमडी
३०० बॉडला हाताळणी-संकेत (‘थांब, पाठव’ असे यंत्राचे निरोप) लागतात का? माझ्या मते नाही.

पाकळी१२०
सरळ मजकुराला नाही लागत. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला ३० अक्षरे, ६३०चा वेग ४०. पण लांब आडवी उडी किंवा कागद मागे नेण्याला अक्षरापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि सूत्रांच्या पानावर अशा उड्या ओळीने येतात. १२०० वर तर हवेतच. ६३०ला एक्सऑन-एक्सऑफही कळते आणि ईटीएक्स-एसीकेही. दुसऱ्या पद्धतीत गठ्ठ्याच्या शेवटी ईटीएक्स पाठवायचा आणि यंत्राचा एसीके आला की पुढचा गठ्ठा. गठ्ठा बफरच्या निम्म्याहून लहान ठेवा आणि एस्केपच्या साखळीच्या मध्ये कधीही तोडू नका, नाहीतर ईटीएक्सच पाऊल म्हणून वाचला जातो.

कागद मागे न्यायचा असेल तर दोन्ही दिशांना चालणारा ट्रॅक्टर (छिद्रे धरून कागद ओढणारा दातेरी भाग) लावा, नुसत्या रोलरच्या घर्षणावर कागद चालवू नका. रोलर उलट फिरताना कागद किंचित घसरतो, आणि मागे जाऊन आल्यानंतरची पहिली ओळ खालीवर पडते. कच्च्या प्रतीला चालेल.

नऊपिनी
डॉट मॅट्रिक्सबद्दल, आणि इथे आपल्या देशातला फरक आधी सांगतो. एनरॉफचे पान न सांगितल्यास ११ इंच, ६६ ओळी. तो अमेरिकेचा कागद. आपल्याकडे दुकानात मिळणारा १० बाय १२ किंवा १५ बाय १२ चा जोडकागद १२ इंचांचा, म्हणजे ७२ ओळींचा. ६६ वर सोडलेत तर प्रत्येक पान एक इंच वर चढते आणि मजकूर लवकरच फाडायच्या रेषेवर येतो. गंमत म्हणजे १२ पाने ११ तावांत बसतात, त्यामुळे तेरावे पान पुन्हा बरोबर दिसते. चाचणी म्हणून पहिले आणि शेवटचे पान तपासणारे इथेच फसतात.

तीन जागी एकच आकडा हवा: मजकुरात ‘.पीएल १२आय’, यंत्राच्या मेनूत किंवा डिप-स्विचवर १२ इंच, आणि छपाईच्या सुरुवातीला एस्केप सी ७२. शिवाय ‘छिद्रांची रेषा टाळा’ ही यंत्राची सोय बंद करा (एस्केप ओ). एमएस स्वतःच वर-खाली मोकळी जागा सोडतो; दोघांनीही सोडली की अंतर दुप्पट आणि पाने पुन्हा सरकतात. ए४ चे सुटे कागद असतील तर ११.६९ इंच गुणिले ६ म्हणजे ७० ओळी आणि थोडे, ‘.पीएल ७०व्ही’ पुरे, दर कागद नव्याने लावत असल्याने उरलेले थोडे साचत नाही.

इथे जीरॉफ चालतो: -टीअस्की -पी-सी. पण मागे येऊन ठोकणे जसेच्या तसे पाठवू नका. चाळणीने ‘रेष-मागे-अक्षर’ अशा सलग जोड्या शोधून सुरुवातीला एस्केप - १ आणि शेवटी एस्केप - ० घाला; ‘अक्षर-मागे-तेच अक्षर’ याच्या जागी एस्केप ई आणि एस्केप एफ. अधोरेषा अखंड येते, डोक्याची धावपळ वाचते. घातांकाला एस्केप एस ०, पादांकाला एस्केप एस १, दोन्ही संपवायला एस्केप टी. जीरॉफ अर्धी ओळ देत नसल्याने या जागा मूळ फाइलमध्ये न वापरलेल्या एखाद्या चिन्हाने खुणावून ठेवा आणि चाळणीत बदला. मात्र ती चिन्हे एनरॉफ स्तंभात मोजतो. कोष्टकाच्या आत वापरलीत तर रकाना एक घर सरकतो.

आणि क्यूप्सला (लिनक्सची छपाई-व्यवस्था) ‘कच्चे’ पाठवा असे सांगा (एलपी -ओ रॉ). न सांगितल्यास तो मजकुराचे चित्र करून पाठवतो आणि तुमचे एस्केप एकतर गायब, नाहीतर कचरा होऊन छापले जातात.

रिबीनदुमडी
दोन्ही कडा जुळवायच्या की नाही? मला वाटते छापील दिसायला जुळवलेल्याच बऱ्या.

नऊपिनी
डायब्लोवर -ई सह, खुशाल. बाकी दोन्हींवर नको. पूर्ण अक्षराच्या जागांनी कडा जुळवली की ६० स्तंभांच्या ओळीत लांब शब्द आले की तीन-तीन घरांची भगदाडे पडतात. ‘.एडी एल’ ठेवा आणि शब्द तोडणे चालू ठेवा.

पाकळी१२०
+१. फक्त ‘.आयएफ’ने यंत्रागणिक फरक करताना यंत्राचे नाव नोंदीत द्या, -आर पर्यायाने: तेहतीसला ‘-आरएक्स१’, डायब्लोला २, डॉट मॅट्रिक्सला ३. समास, पानाची लांबी, कडा जुळवणे हे सगळे फाइलच्या माथ्यावर या एका नोंदीवर टांगा. मूळ फाइल एक राहते.

ओळ_सहासष्ट
तसेच केले, माथा १८ ओळींचा झाला. एक शेवटचे. मराठी परिशिष्ट आहे दोन पानांचे. आणि तेहतीसवर सुटे कागद लावून -एस१ ने पानागणिक थांबवायचा प्रयत्न केला, तर घंटा पानाच्या मध्येच वाजते.

नऊपिनी
मराठी पहिल्या दोन यंत्रांवर नाही. टंकचक्रावर अक्षरेच नाहीत, आणि एनरॉफचा पायाच ‘एक संकेत, एक घर’ हा आहे; ‘कि’ मध्ये दोन संकेत आणि जोडाक्षरांत त्याहून जास्त. डॉट मॅट्रिक्सवर परिशिष्ट वेगळ्या प्रोग्रॅममधून चित्र म्हणून छापा आणि त्या दोन पानांचे क्रमांक ‘.पीएन’ने सोडून द्या.

कॅरेजपरत
-एस१ आणि कोल एका साखळीत नांदत नाहीत. एनरॉफ पान लिहून थांबतो, पण त्यातला बराच मजकूर कोलच्या पोटात असतो, कारण कागद मागे जाईल की काय हे बघायला तो ओळी राखून ठेवतो. कागदावर पान अर्धेच आलेले असते. -ओ ने एकेक पान मागा (-ओ७ म्हणजे फक्त सातवे), प्रत्येकाला स्वतंत्र साखळी आणि मध्ये शेलकडून एंटरची वाट. दरवेळी पूर्ण फाइल पुन्हा वाचली जाते, पण ११० बॉडपुढे तो वेळ नगण्य.